न्यू ऑर्लिन्स: सगळ्या शाळा चार्टर झाल्यावर प्रवेशाची जबाबदारी कोणाची?

हे प्रकरण अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यातील न्यू ऑर्लिन्स शहराचे आहे. शहराचे नाव आणि कायदे खरे आहेत. शाळा, संस्थाचालक आणि मुख्याध्यापक यांची नावे मुद्दाम दिलेली नाहीत. शाळांना मोकळीक दिली की त्या सुधारतात, हे चार्टर शाळांच्या बाजूने नेहमी सांगितले जाते. न्यू ऑर्लिन्समध्ये शाळा सुधारल्या, हे खरे आहे. पण त्यासाठी मोकळिकीच्या जोडीला काही गोष्टी शाळांच्या हातातून काढून घ्याव्या लागल्या, आणि त्यात पहिली गोष्ट होती प्रवेश.

पार्श्वभूमी

चार्टर शाळा सरकारी पैशावर चालते, फी घेत नाही, पण तिचा कारभार सरकारी खात्याऐवजी एका स्वतंत्र मंडळाकडे असतो. शिक्षक नेमणे, वेळापत्रक ठरवणे, पुस्तके निवडणे, पगार ठरवणे हे सगळे मंडळ करते. आपल्याकडच्या अनुदानित खासगी शाळेशी तिचे साम्य वरवरचे आहे. अनुदानित शाळेला पैसा मंजूर पदांच्या हिशोबाने मिळतो आणि संचमान्यतेत पदे टिकली की शाळा टिकते. चार्टर शाळेला पैसा पटावरच्या प्रत्येक मुलामागे मिळतो आणि तिचा करार ठराविक मुदतीचा असतो. मुदत संपताना निकाल असमाधानकारक असतील तर करार वाढवला जात नाही. शाळा बंद होते किंवा दुसऱ्या संस्थेकडे जाते.

अमेरिकेत असा पहिला कायदा १९९१ मध्ये मिनेसोटाने केला. २०२१ पर्यंत देशभरातील चार्टर शाळांत सुमारे ३७ लाख मुले शिकत होती, म्हणजे सरकारी शाळांतल्या दर शंभर मुलांमागे सात. लुइझियानाचा कायदा १९९५ चा. २००३ मध्ये राज्याने 'रिकव्हरी स्कूल डिस्ट्रिक्ट' ही यंत्रणा उभी केली. सतत नापास ठरणाऱ्या शाळा स्थानिक शाळा मंडळाकडून काढून घेऊन राज्यामार्फत चालवणे किंवा चार्टर संस्थेला देणे, हे तिचे काम.

न्यू ऑर्लिन्सच्या स्थानिक मंडळाकडे तेव्हा सुमारे ६५ हजार मुले होती. कारभार इतका बिघडला होता की भ्रष्टाचाराच्या तपासासाठी एफबीआयचे अधिकारी मंडळाच्या इमारतीतच बसत होते. हायस्कूलमधून वेळेत पदवी (अमेरिकेत बारावी पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र) घेऊन बाहेर पडणाऱ्यांचे प्रमाण ५४ टक्क्यांच्या आसपास होते.

२९ ऑगस्ट २००५ रोजी कतरिना वादळ आले, बंधारे फुटले आणि शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये राज्य विधिमंडळाने 'नापास शाळा' ठरवण्याची गुणमर्यादा वर सरकवली आणि शंभराहून अधिक शाळा एका फटक्यात राज्याच्या ताब्यात आल्या. सात हजारांहून अधिक शाळा कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या. त्यावरचा खटला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१४ मध्ये निकाल कर्मचाऱ्यांच्या विरोधात लागला. या बडतर्फीची सावली पुढच्या सगळ्या सुधारणांवर राहिली.

अडचण

मुले परत येऊ लागली तशा चार्टर शाळा वाढत गेल्या. २०१०-११ मध्ये शहरातली दहापैकी सात मुले त्यांत होती. पूर्वी पत्त्यावरून शाळा ठरायची. आता शहराच्या कोणत्याही टोकाची शाळा निवडता येत होती. ऐकायला हे फार चांगले, पण पालकांच्या पदरात काय पडले ते पाहा.

प्रत्येक शाळेचा अर्ज वेगळा, शेवटची तारीख वेगळी, सोडत वेगळ्या दिवशी. पाच शाळांत प्रयत्न करायचा तर पाच ठिकाणी अर्ज. ज्या आईला दोन पाळ्यांत काम करायचे आहे तिला हे जमत नसे. शिवाय एकाच मुलाला तीन शाळांत जागा मिळे आणि तो कोणती घेणार हे ऑगस्टपर्यंत कोणालाच कळत नसे. शाळांनी धरलेला पट पहिल्या आठवड्यात कोसळे आणि प्रतीक्षा यादीतली मुले तोवर दुसरीकडे गेलेली असत.

दुसरी अडचण अधिक खोल होती. पैसा मुलामागे आणि करार गुणांवर, अशी रचना असली की कोणते मूल पटावर येते याला शाळेच्या दृष्टीने मोल येते. मोठे अपंगत्व असलेल्या मुलासाठी स्वतंत्र शिक्षक, वाचा-उपचार, कधी खास वाहन लागते. पण त्या मुलामागे मिळणारा पैसा खर्चाला पुरत नसे. वर्तनाच्या तक्रारी असलेले मूल आले तर गुण खाली जाण्याची भीती. मग जागा असूनही न सांगणे, 'तुमच्या मुलासाठी ती दुसरी शाळा बरी' असे सुचवणे, ओळखीतून मिळालेल्या मुलांसाठी जागा राखणे असे प्रकार होत. टुलेन विद्यापीठातल्या संशोधन केंद्राने प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासातल्या ३० शाळांपैकी सुमारे एक तृतीयांश शाळांत अशी निवड कोणत्या ना कोणत्या स्वरूपात आढळली. यामागे दुष्टपणा शोधण्याची गरज नाही. पाच वर्षांनी शाळा राहणार की जाणार हे ज्या आकड्यावर ठरते, तो आकडा सांभाळण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग मुले निवडणे हाच असतो.

पैशाच्या मोजणीच्या तारखांनी यात भर घातली. लुइझियानात अनुदानासाठी पट १ ऑक्टोबर आणि १ फेब्रुवारी या दोन दिवशी मोजतात. १० फेब्रुवारीला मूल शाळा सोडून गेले तर पैसा जुन्या शाळेकडेच राहतो आणि मूल नव्या शाळेच्या गळ्यात पडते. नवी शाळा ते टाळणार, हे उघड आहे.

मिश्र व्यवस्थेत ही अडचण दिसत नाही. शहरात दहा टक्के शाळा चार्टर असतील तर त्यांनी नाकारलेले मूल शेजारच्या साध्या सरकारी शाळेत जाते आणि हिशोब तिथे मिटतो. मुंबई महापालिकेच्या काही शाळा स्वयंसेवी संस्था चालवतात. तिथे हा प्रश्न ठळकपणे उठत नाही, कारण बाजूला पालिकेच्या शेकडो शाळा आहेत. न्यू ऑर्लिन्समध्ये ती बाजूची शाळाच उरत नव्हती. ऑक्टोबर २०१० मध्ये अपंग मुलांच्या पालकांनी राज्याच्या शिक्षण खात्याविरुद्ध संघ-न्यायालयात दावा दाखल केला: मुलांना शाळा प्रवेश देत नाहीत, दिला तर सेवा देत नाहीत. ही अडचण त्यानंतर कागदावर आली.

समोर असलेले पर्याय

*पत्त्यावरून शाळा देणे.* सोपे, बसचा खर्च कमी, शेजारची मुले एकत्र. पण जुन्या व्यवस्थेत गरीब वस्तीला वाईट शाळा मिळण्याचे कारण हेच होते. शिवाय पुरानंतर वस्त्याच बदलल्या होत्या. शाळेच्या इमारती एकीकडे आणि मुले दुसरीकडे.

*फक्त तारखा एक करणे.* सगळ्यांचा अर्ज एकाच महिन्यात, सोडती मात्र ज्याच्या त्याच्या हाती. शाळांना हे रुचणारे होते. यातून गोंधळ कमी झाला असता, निवड थांबली नसती.

*तपासणी आणि दंड.* नियम आहे तसा ठेवायचा आणि मोडणाऱ्याचा करार काढून घ्यायचा. व्यवहारात सिद्ध काय करणार? मुख्याध्यापक फोनवर काय म्हणाले याची नोंद नसते.

*एक अर्ज, एक सोडत, शाळेबाहेर.* शाळेने फक्त जागांची संख्या कळवायची. नावे शहराची यंत्रणा ठरवणार. शाळांच्या स्वायत्ततेला हा थेट हात होता आणि विरोधही त्याच मुद्द्यावर झाला.

शेवटचा पर्याय निवडला गेला आणि आमच्या मते तोच बरोबर होता. वर्ग कसा चालवायचा यातली स्वायत्तता शिकवणे सुधारते. वर्गात कोण बसेल यातली स्वायत्तता फक्त निकालपत्रक सुधारते.

काय केले

२०१२ मध्ये 'वनॲप' नावाचा सामाईक अर्ज सुरू झाला. पालकांनी आठपर्यंत शाळा पसंतिक्रमाने लिहायच्या. ज्यांना आहे तीच शाळा चालणार होती त्यांना अर्जाची गरज नव्हती. त्यांची जागा पक्की. सख्खे भावंड ज्या शाळेत आहे तिथे प्राधान्य, आठवीपर्यंतच्या शाळांत काही जागांवर जवळ राहणाऱ्यांना प्राधान्य, आणि बंद होणाऱ्या शाळेतल्या मुलांनाही प्राधान्य. बरोबरी झाली की संगणकाने दिलेला सोडत क्रमांक. आपल्या अकरावीच्या केंद्रीय प्रवेशासारखाच हा अर्ज, फक्त तिथे क्रम गुणांवर लागतो, इथे गुणांचा संबंध नव्हता.

जागावाटपाच्या पद्धतीवर थोडे थांबायला हवे, कारण पहिल्या वर्षाची पद्धत दुसऱ्या वर्षी बदलावी लागली. समजा दोन शाळा आहेत, 'पूर्व' आणि 'पश्चिम', दोन्हीत एकेक जागा. अनयला 'पश्चिम' हवी, पण त्याचे भावंड 'पूर्व'मध्ये असल्याने तिथे तो पहिला. बेलाला 'पूर्व' हवी, पण ती राहते 'पश्चिम'च्या जवळ, म्हणून तिथे ती पहिली. चंदूला 'पूर्व'च हवी. तिथे त्याचा क्रम अनयनंतर, पण बेलाच्या वर.

पहिल्या वर्षीची पद्धत अदलाबदलीची होती. अनय आणि बेला आपापले प्राधान्य एकमेकांना देतात, दोघांनाही पहिली पसंती मिळते. चंदू बाहेर राहतो. त्याची आई विचारते, 'पूर्व'मध्ये आमचा क्रम बेलाच्या वर असताना जागा तिला कशी? गणिताने उत्तर आहे, पण खिडकीवर बसलेल्या कर्मचाऱ्याला ते पटवून देता येत नाही.

२०१३ पासूनच्या पद्धतीत शाळा आलेल्या अर्जांतून वरच्या क्रमाचे मूल तात्पुरते धरते, बाकीच्यांना सोडते. सुटलेले मूल पुढच्या पसंतीकडे जाते आणि तिथे पुन्हा सगळ्यांची तुलना होते. 'पूर्व' प्रथम चंदूला धरते, बेला 'पश्चिम'कडे जाते आणि अनयला हटवते, अनय 'पूर्व'कडे येतो आणि चंदूला हटवतो. चंदू इथेही बाहेरच. पण आता त्याच्या खालच्या कोणाला त्याची जागा मिळालेली नाही. त्याची किंमत म्हणजे अनय आणि बेला दोघांनाही दुसऱ्या पसंतीवर समाधान मानावे लागले. शहराने ही किंमत जाणूनबुजून दिली. पालकाला समजावता येते अशी व्यवस्था हवी, हे त्यामागचे एक कारण होते. दोन्ही पद्धतींत एक गुण मात्र सारखा आहे: मनातली खरी पसंती लिहिल्याने नुकसान होत नाही.

२०१२-१३ पासून मूल शाळेतून काढण्याचा अंतिम अधिकारही शाळेकडून काढला गेला. कोणत्या कृत्याला ही शिक्षा, याची एकच यादी सगळ्यांना लागू झाली आणि सुनावणी मध्यवर्ती कार्यालयात होऊ लागली. प्रवेश मध्यवर्ती ठेवून हकालपट्टी शाळेकडे ठेवली असती तर पुढच्या दाराने घेतलेले मूल मागच्या दाराने बाहेर गेले असते.

पैशाचे सूत्रही बदलले: अपंगत्वाचा प्रकार आणि सेवेची तीव्रता पाहून मुलामागे कमी-जास्त रक्कम. अपंग मुलांच्या दाव्यात २०१५ मध्ये तडजोड झाली आणि न्यायालयाने नेमलेल्या स्वतंत्र निरीक्षकाची देखरेख आली. राज्याच्या ताब्यातल्या चार्टर शाळांना मोफत वाहतूक देणे बंधनकारक होते. बसशिवाय निवड फक्त गाडी असलेल्यांना मिळाली असती.

एक दार मात्र उघडे राहिले. स्थानिक मंडळाच्या काही नावाजलेल्या, प्रवेश परीक्षा घेणाऱ्या चार्टर शाळांना जुना करार संपेपर्यंत वनॲपबाहेर राहू दिले गेले. सुरुवातीला राजकीय तडजोड म्हणून ते समजू शकते. पण शहरातल्या सर्वांत मागणी असलेल्या जागांपैकी बऱ्याच जागा त्यामुळे कित्येक वर्षे सामाईक सोडतीत आल्याच नाहीत.

निकाल

२०१४ च्या शालेय वर्षापासून राज्याच्या यंत्रणेकडे स्वतः चालवलेली एकही शाळा उरली नाही. १ जुलै २०१८ रोजी सगळ्या शाळा पुन्हा स्थानिक निर्वाचित मंडळाकडे आल्या, पण चार्टर करार आणि सामाईक प्रवेश कायम ठेवूनच. २०१६ च्या कायद्याने तशी तरतूद केली होती. वर्ग शाळेचा, दार आणि कराराची मुदत मंडळाची, ही विभागणी तिथून पक्की झाली.

निकालांचा सर्वांत बारकाईने अभ्यास टुलेन विद्यापीठातल्या गटाने केला. वादळाने त्रस्त झालेल्या इतर जिल्ह्यांशी तुलना करून त्यांनी मांडले की, सुधारणांमुळे चाचणी गुण ०.२ ते ०.४ प्रमाण विचलनाने (गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत याचे माप) वाढले, हायस्कूल पूर्ण करणारे ३ ते ९ टक्के-गुणांनी (म्हणजे दर शंभरात तितकी अधिक मुले) आणि कॉलेजात प्रवेश घेणारे ८ ते १५ टक्के-गुणांनी वाढले. शिक्षण क्षेत्रात शहरभराच्या पातळीवर इतका परिणाम क्वचित दिसतो. या वाढीचा २५ ते ४० टक्के भाग कमकुवत शाळा बंद करण्यातून किंवा दुसऱ्या संस्थेकडे देण्यातून आला. म्हणजे सुधारणेत वाईट शाळांची मुदत न वाढवण्याचा वाटा मोठा होता.

किंमतही लागली. मुलामागचा खर्च तुलनेने सुमारे १३ टक्क्यांनी वाढला, पण त्यात प्रशासनावरचा खर्च ६६ टक्क्यांनी वाढला आणि अध्यापनावरचा १० टक्क्यांनी घटला. प्रत्येक संस्थेचे आपले लेखापाल, आपले बस कंत्राट, आपले संचालक. मोठ्या खात्याची बचत निघून गेली. बसचा प्रवास एका बाजूने सरासरी ३५ मिनिटे, कित्येकांना पाऊण तासाहून अधिक. पाच वर्षे किंवा त्याहून कमी अनुभवाच्या शिक्षकांचे प्रमाण ३३ वरून ५४ टक्क्यांवर गेले आणि कृष्णवर्णीय शिक्षकांचे ७१ वरून ४९ टक्क्यांवर. ज्या शहरातली बहुसंख्य मुले कृष्णवर्णीय आहेत, तिथे हा आकडा कुटुंबांच्या विश्वासाशी जोडलेला होता.

सामाईक अर्जाने रांगा संपल्या असेही नाही. जुलै २०१४ मध्ये उशिराच्या फेरीच्या पहिल्याच दिवशी शेकडो पालक जमले, टोकन संपली आणि अनेकांना परत पाठवावे लागले. जागा शिल्लक असलेल्या शाळा बहुतेक खालच्या श्रेणीच्या होत्या. सोडत जागा न्याय्य वाटते, चांगल्या जागा वाढवत नाही.

निर्णयाच्या जागा आणि काय वेगळे करता आले असते

*सामाईक प्रवेशाची अट पहिल्याच करारात.* २००६ मध्ये चार्टर मागणाऱ्या संस्था हात जोडून आल्या होत्या. तेव्हा सामाईक प्रवेश, मध्यवर्ती सुनावणी आणि वाहतूक ही तीन कलमे करारात घातली असती तर कोणी नाकारली नसती. २०१२ पर्यंत शाळा स्थिरावल्या होत्या आणि प्रत्येक कलम वाटाघाटीचे झाले. परीक्षा घेणाऱ्या शाळा बाहेर राहिल्या त्या याच उशिरामुळे.

*विशेष मुलांचा पैसा दाव्याआधी.* खर्चानुसार रक्कम दिली की शाळेला असे मूल घेणे परवडते. हे सूत्र सुरुवातीपासून असते तर पालकांना न्यायालयात जावे लागले नसते.

*बंद करण्याचा निर्णय अर्जाच्या आधी.* शाळांच्या श्रेणी शरद ऋतूत जाहीर होतात, करार न वाढवण्याचा निर्णय त्यानंतर, आणि मुख्य फेरीचे अर्ज हिवाळ्यात. निर्णय काही आठवडे लांबला तरी त्या शाळेतल्या मुलांना चांगल्या जागा संपल्यावर अर्ज करावा लागतो. २०२३-२४ च्या हिवाळ्यात एका शाळेचा करार न वाढवण्याचे ठरले, नव्या संस्थेची व्यवस्था वेळेत झाली नाही आणि अखेर मंडळाने स्वतःच शाळा चालवायला घेतली. ऑगस्ट २०२४ मध्ये उघडलेली ती शाळा पाच वर्षांतली मंडळाने थेट चालवलेली पहिली शाळा. करार संपतो तेव्हा चालवणारे कोणी नसेल तर मंडळाला ती क्षमता हाताशी ठेवावीच लागते. सगळे बाहेर सोपवून ती क्षमता मोडीत काढणे ही चूक होती.

*बाहेर पडण्याच्या दारावर नजर.* प्रवेश आणि हकालपट्टी मध्यवर्ती झाली, पण गुणनोंदी शाळेकडेच राहिल्या. २०१९ मध्ये एका चार्टर हायस्कूलच्या शेवटच्या वर्षातल्या मुलांनी मे महिन्यात मंचावर जाऊन समारंभात पदवी घेतली, आणि नंतर तपासणीत कळले की जवळपास निम्मी मुले पदवीला पात्रच नाहीत. काहींचे आवश्यक विषयच झाले नव्हते, काहींनी संगणकावरचे भरपाई अभ्यासक्रम योग्य देखरेखीविना पूर्ण केले होते, काही गुण बदलल्याचा आरोप आधीच झाला होता. संस्थेने आपल्या दोन्ही शाळांचे करार परत केले आणि त्या दुसऱ्या संस्थांकडे गेल्या. यानंतर मंडळाने शहरातल्या हायस्कूलांच्या शेवटच्या वर्षातल्या मुलांच्या नोंदी तपासायला घेतल्या.

ही तपासणी शेवटच्या वर्षाच्या मे महिन्यात करून उपयोग नाही. कॉलेजकडे जाणाऱ्या पदवीसाठी लुइझियानात २४ श्रेयांक (क्रेडिट) लागतात. नववीच्या शेवटी सहा, दहावीच्या शेवटी बारा, अकरावीच्या शेवटी अठरा, असा साधा ताळा प्रत्येक मुलाच्या पत्रकाशी दर जूनमध्ये घातला, तर कमी पडलेला विषय भरून काढायला निदान एक वर्ष हातात राहते. आणि हा ताळा मंडळाच्या माणसाने घालावा. गुणांवर ज्याचा करार ठरतो त्याच संस्थेने तो घालू नये.